तिन्हीसांजेला दिवा कोण बंद करतं?

इरा, निहार,

मागच्या खेपेला दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्यासारखाच त्यांचाही उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता. ओळखदेख नसताना त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला घरच्यांचा संशय येतो का हो?" मी "छे, मुळीच नाही" म्हटलं, तेवढ्यात माझं नाव पुकारलं म्हणून उठले. त्या बाईंना जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. तुम्हालाही ते सांगायचंच होतं, कारण संशयितांमध्ये काही दिवस तुमचं घरही होतं.

सही

माझ्या आजारात पहिला संशय मी घेतला नाही, तो बँकेने घेतला. सही जुळत नाही म्हणून माझा चेक परत आला. कल्याणच्या कॉलेजात मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. हजारो पुस्तकांवर माझी सही आहे, आणि ती सगळीकडे सारखी आहे. मला राग आला. घरी येऊन कागदावर सही करून पाहिली तर आडनावापर्यंत येता येता अक्षरं मुंग्यांएवढी झाली होती.

मंजिरी, म्हणजे तुमची आत्या, मला ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण आणि फार नम्र होते. मला नम्र डॉक्टरांची भीती वाटते. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर टेकवायला सांगितलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, मग बाहेरच्या लांब व्हरांड्यातून चालायला लावलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी पार्किन्सन हा शब्द उच्चारला आणि लगेच माझं चालणं कसं छान आहे ते सांगितलं.

बाहेर उसाच्या रसाचं दुकान होतं. मंजिरीने मला न विचारता बिनबर्फाचा रस मागवला आणि माझ्या पेल्यात एक स्ट्रॉ घालून दिला. स्वतःच्या पेल्यात घातला नाही. हात थरथरला तरी सांडू नये म्हणून. आजार काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आता पुढे घरात काय होणार आहे ते मला त्या स्ट्रॉने सांगितलं. मी तो काढून ठेवला, तोंड लावून रस प्यायले आणि साडीवर सांडला.

उंबरठा

या आजाराची एक विचित्र खोड आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, आणि तेही नेमके दारात. सपाट फरशीवर मी चालते, पण स्वयंपाकघराचा उंबरठा आला की पायांना हुकूम पोहोचत नाही. अशीच एकदा चिकटले, वरचं अंग पुढे गेलं, पाय मागे राहिले आणि मनगट मोडलं.

इस्पितळात काही दिवस राहावं लागलं. तिथली दिनचर्या मला खरं तर आवडायला हवी होती. सगळं वेळेवर, चादरीच्या घड्या सारख्या. पण माझ्या गोळीची वेळ आणि वॉर्डाच्या गोळ्यांची वेळ एक नव्हती. उशीर झाला की मी लाकडासारखी ताठ होऊन पडून राहायची. "आजी, गोळी काय पळून जाते का," सिस्टर म्हणाली. मी म्हटलं, "गोळीही पळत नाही आणि मीही पळत नाही, तीच तर अडचण आहे." ती हसली, आणि त्यानंतर माझी गोळी आधी आणू लागली. इस्पितळात हक्काने जे मिळत नाही, ते कधीकधी हसवून मिळतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि एक गोष्ट मंजिरीसमोर सांगितली. या गोळ्यांनी काही जणांना नसलेलं दिसायला लागतं. कोणी आपल्या वाईटावर आहे असंही वाटायला लागतं. तसं काही झालं तर लाजू नका, लगेच सांगा.

गाडीत मंजिरीने अट घातली. बाळकुमला तिच्याकडे एक खोली माझ्यासाठी तयार होती, तिथे स्वतंत्र बाथरूम होतं, पकडायला दांडे बसवले होते. तरी ती मला कोपरच्या घरी एकटीला राहू द्यायला तयार होती. दिवसा सोबतीला ठेवलेली सुनंदा असेल. "पण आई, ज्या दिवशी तुला नसलेलं दिसायला लागेल, त्या दिवशी बॅग भरायची. वाद नाही घालायचा."

मी हो म्हटलं. माझा मेंदू शाबूत होता, हो म्हणायला काय जातं.

बटाटा

मग सुट्टीत तुम्ही चौघं आलात आणि सामानातून तो गुडघ्याएवढा, चाकांवर फिरणारा, गोल तोंडाचा रोबो निघाला. निहारने त्याचं नाव बटाटा ठेवलं. पराग, तुमचा बाबा, तीन दिवस स्टुलावर चढून घरातले सगळे दिवे बदलत होता. उंबरठ्यापाशी त्याने जमिनीलगत निळ्या प्रकाशाच्या पट्ट्या लावल्या. बटाटा मला येताना बघतो आणि पट्ट्या लावतो. समोर रेघ दिसली की माझा पाय ती ओलांडायला उचलला जातो. हे का होतं ते मला विचारू नका. होतं एवढं खरं. हे वाचणाऱ्या कोणाचे पाय दारात चिकटत असतील तर रोबोही नको, रंगीत चिकटपट्टी लावून बघा.

बटाट्याला शिकवणं हे इराचं काम. टॅबलेटवर रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे: असं झालं, तर हे कर. मला ते फार आवडलं. ग्रंथालयाचे नियमही असेच असतात. सूर्य मावळला, तर दिवाणखान्यातला दिवा लाव. मी दाराकडे चालू लागले, तर पट्टी लाव. माझा आवाज या आजारात इतका बारीक झाला आहे की बटाट्याला तो ऐकू जाईना, म्हणून इराने खुणा ठरवल्या. हात वर केला तर दिवा लाव. दोन्ही तळवे जुळवले तर बंद कर. "म्हणजे थँक्यू, आता पुरे," इरा म्हणाली. तुमच्या फोनमध्ये ते चित्र त्याच अर्थाने पाठवतात म्हणे. झोपताना मी तळवे जुळवायची आणि घर शांत व्हायचं.

तुम्ही परत गेलात आणि मी, बटाटा आणि सुनंदा असं आमचं घर सुरू झालं. संध्याकाळी मी दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसायची. गॅलरीतल्या खुर्चीवर एक राखाडी मांजर येऊन बसायची. आम्ही दोघी खालचा रस्ता बघायचो.

कोण?

एका संध्याकाळी दिवा लागला आणि लगेच गेला. वीज गेली असेल म्हणावं तर पंखा फिरत होता. मी हात वर केला, दिवा लागला. स्वयंपाकघरात चहा टाकणाऱ्या सुनंदाला मी विचारलं, "दिवा गेला होता का गं?"

"चालू तर आहे लाइट, आजी," ती बाहेर डोकावून म्हणाली.

दोनतीन दिवसांनी पुन्हा. मग एक दिवस नाही. मग पुन्हा. नेहमी तिन्हीसांजेला, दिवा लागल्या लागल्या. आणि नेहमी मी खोलीत एकटी असताना.

डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. नसलेलं दिसायला लागलं तर सांगा. मग असलेला दिवा दिसेनासा झाला, तर तेही त्यातच येतं का? मी कोणाला विचारणार? विचारलं की बाळकुम.

म्हणून मी माझ्या पद्धतीने शोध सुरू केला. एक एक नाव वगळत जायचं.

पहिली सुनंदा. दिव्यांचं ॲप परागने तिच्याही फोनवर घालून दिलं होतं. मंजिरीशी ती रोज फोनवर बोलते, आणि काय बोलते ते मला कळत नाही. तिन्हीसांजेला मी तिला मुद्दाम कोथिंबीर आणायला स्टेशनजवळ पाठवलं. दिवा तरीही गेला. ती कोथिंबीर घेऊन आली आणि म्हणाली, घरात एक जुडी आधीच आहे, आजी. तिच्या नजरेत मला काळजी दिसली, आणि मला वाटलं, ही आता फोन करणार.

मग बटाटा. त्याच्याशी माझं तोवर बरं चाललं होतं, पण आता त्याचे गोल डोळे मला आवडेनात. तो माझ्या मागे वळतो, मी उठले की मान वर करतो. एका संध्याकाळी मी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, दिवा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला सरळ केलं, आणि दिवा गेला.

मला क्षणभर इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणजे माझे डोळे ठीक होते, दिवा खरोखर जात होता. पण आनंद फार टिकला नाही. बटाट्याला स्वतःची बुद्धी नाही, सांगितलं तेवढंच तो करतो. मग त्याला सांगतंय कोण? तो ज्याच्या नावावर आहे तो. आणि मी कोपर सोडून बाळकुमला गेले तर सगळ्यात मोठा सुस्कारा कोण सोडेल? तोच, सातासमुद्रापार बसून आईची काळजी करणारा. मला घाबरवायचं, म्हणजे मी आपणहून बॅग भरीन.

आता वाचताना हे किती वेडगळ वाटतं ते मला कळतं. त्या वेळी ते अगदी ग्रंथालयातल्या कपाटासारखं नीट लागलेलं होतं. दवाखान्यातल्या बाई, तुम्हाला हेच सांगायचं आहे. संशय गोंधळलेला नसतो. तो फार व्यवस्थित असतो. म्हणून तो खरा वाटतो.

रविवार

रविवारी सकाळी तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना इरा मागे सोफ्यावर केस विंचरत होती. इरा, तू ऐकलंस का ते मला माहीत नाही. मी परागला सरळ विचारलं, "तू तिकडून माझे दिवे बंद करतोस का?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. पडद्याजवळ येऊन त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

तेव्हा मला कळलं की मी हरले. कोणी आपल्या वाईटावर आहे असं वाटायला लागणं, हेही डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. मी बोलले त्यातलं खरं खोटं कोणी तपासणार नव्हतं. माझं बोलणंच आता लक्षण होतं. मी म्हटलं, घेते. मग निहारला शाळेबद्दल विचारलं.

दुपारी मंजिरीचा फोन आला की ती येते आहे, उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर नेहमीची पर्स होती आणि हातात घडी घातलेली एक मोठी रिकामी बॅग. ती बॅग तिने दारामागे ठेवली, जणू मला दिसणार नव्हती.

तळवे

आम्ही दोघी दिवाणखान्यात बसलो. सुनंदा आत चहा करत होती. मंजिरी शाळेतल्या मुलीशी बोलावं तशी हळू बोलत होती. परागला किती वाईट वाटलं, त्याने दिवे किती प्रेमाने लावले, सुनंदा किती दिवस काळजीत आहे. मी म्हटलं, "सुनंदा तुला सगळं सांगते, हे मला ठाऊकच होतं."

"सांगेलच ना, आई. मीच सांगितलंय तिला सांगायला."

बाहेर अंधारून आलं. बटाटा कोपऱ्यातून निघून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. दिवा लागला.

आणि गेला.

मी मंजिरीकडे पाहिलं नाही. मी खिडकीकडे पाहत बसले. पंख्याचा आवाज येत होता. मग अंधारात ती म्हणाली, "आई, मला दिसलं."

या सबंध आजारपणात मला कोणी दिलेलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे हे तीन शब्द. मी हात वर केला आणि दिवा लागला.

मंजिरी मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"आपण आत्ता काय केलं?"

"काही नाही. बसलोय."

"नाही. दिवा लागला तेव्हा. दोघींनी." तिने दोन्ही तळवे जुळवले आणि दिवा गेला. तिने हात वर केला, लागला. पुन्हा तळवे जुळवले, गेला.

तिन्हीसांजेला दिवा लागला की आम्ही त्याला नमस्कार करतो. माझी आई कंदिलाला करायची, मी विजेच्या दिव्याला करते. तो मी करते असंही म्हणता येणार नाही, तो होतो. शिंक आली की रुमाल नाकाशी जातो तसा. म्हणून इतक्या तपासात माझे स्वतःचे हात मी एकदाही तपासले नाहीत. ज्या संध्याकाळी हातात चहाचा कप होता किंवा बटाटा कोपऱ्यात चार्ज होत होता, नाहीतर भिंतीकडे तोंड करून होता, तेवढ्याच संध्याकाळी दिवा टिकला होता. उरलेल्या सगळ्या संध्याकाळी मी दिव्याला नमस्कार केला, आणि बटाट्याने तो "थँक्यू, आता पुरे" असा वाचला.

मंजिरी हसायला लागली, मग मीही. सुनंदा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. दोघी दिवा लावत घालवत बसल्या आहेत, आता दोघींनाही डॉक्टरांकडे न्यावं लागणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला आणखी एक गोष्ट कळली, ती मी मंजिरीला बोलून दाखवली नाही. उपासतापासाची टिंगल करणारी माझी मुलगी बाळकुमच्या त्या बाराव्या मजल्यावर रोज संध्याकाळी दिव्याला हात जोडते.

गॅलरी

इथे थांबता आलं असतं. मी जिंकले होते. मंजिरीने परागला फोन लावला होता, तो हसताना ऐकू येत होता, आणि बॅग दारामागे तशीच होती.

पण मी वर तुम्हाला गॅलरीतल्या मांजरीबद्दल लिहिलं आहे. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी आहे. मांजर येणार कुठून? हे मला पहिल्या आठवड्यानंतर माहीत होतं. दिव्याचा एवढा कसून तपास मी केला तो कदाचित त्यामुळेच, म्हणजे मांजरीचा करावा लागू नये.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मंजू, गॅलरीतल्या खुर्चीवर काय आहे?"

"तुझा टॉवेल वाळतोय."

"मला मांजर दिसते. टॉवेल नसला तरी दिसते."

तिचं हसू गेलं. ती उठून गॅलरीत गेली, टॉवेल काढून आणला, त्याची घडी घातली, आणि घडी घालायला तिने फार वेळ लावला. "आत्ता दिसते?"

"नाही. अंधार पडायच्या आधी दिसते. उजेड कमी असला की."

"घाबरवते का?"

"नाही गं. बसलेली असते."

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्याकडे त्याच नम्रपणे बघत होते, पण या वेळी मला त्याची भीती वाटली नाही. त्यांनी गोळी कमी केली, आणि घरात कोपरे अंधारे ठेवू नका म्हणाले. मंद उजेडात डोळे फसतात आणि मग मेंदू हवं ते भरून टाकतो. गोळी कमी झाल्याने आता सकाळी हात जास्त ताठ असतो, ब्लाउजची बटणं लावायला सुनंदा लागते. मांजर मात्र हल्ली क्वचित येते. खरं सांगायचं तर संध्याकाळ थोडी रिकामी वाटते.

परतताना गाडी बाळकुमकडे वळेल, असं मी धरून चालले होते. ती सरळ कोपरला आली. वर येऊन मंजिरीने ती रिकामी बॅग माझ्या कपाटावर ठेवली.

"ही राहू दे इथेच."

"अट?"

"अट बदलली. दिसलं की सांगायचं, एवढंच. न सांगता दिसत राहिलं, तर बॅग." मग दारात चपला घालता घालता म्हणाली, "मांजर तू सांगितलीस म्हणून, आई. दिव्यामुळे नाही."

नवे नियम

इरा, दिव्याचं कोडं सुटलं त्या रात्री तू फोनवर रडलीस. तुझी चूक नव्हती. माझ्या हातांचा अर्थ तुला कोणी सांगितलाच नव्हता, आणि तो मलाही ठाऊक नव्हता. म्हणून या वेळी ठोकळे मी जोडले, तू फक्त बघत होतीस.

दिवा बंद करायला आता टाटा करायचा. मी गॅलरीतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं, तर तिथला दिवा पूर्ण लावायचा. तो लागला की खुर्चीवर खुर्चीच राहते. हा नियम दवाखान्यातल्या बाईंनी जरूर करून घ्यावा. रोबो नसेल तर बटण हाताशी ठेवावं.

जुळवलेल्या तळव्यांचं काय करायचं, यावर आपलं अडलं. नियम पुसला तर बटाटा आपल्या मनाने अर्थ लावत बसतो, असं तू म्हणालीस. तेव्हा निहारने सांगितलं की ठोकळ्यांमध्ये अगदी तळाशी एक राखाडी ठोकळा असतो. तो कोणी वापरत नाही. मी तो शोधून जोडला. हात जोडले, तर काहीही करू नको.

काल तिन्हीसांजेला दिवा लागला. माझे हात जुळले. बटाट्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काही केलं नाही.

पूर्वी नमस्कार करताना माझे दोन्ही डोळे मिटायचे. आता एक उघडा असतो.

तुमची,
आजी